सारवणाच्या हातानं अमूर्त चित्र: मन जड झालेल्या दिवसांत घरच्या घरी सुरुवात कशी करावी

माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होती. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, रात्रीतून दोनदा कूस बदलून देणं, सगळं माझ्या हातानं व्हायचं. ती गेली, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मला कळेना की हातांचं काय करू. पहाटे चारला आपोआप जाग यायची आणि अंधारात हात चादर चाचपडत राहायचे.

आमच्या मागच्या खोलीची भिंत मातीची आहे. आजारी पडायच्या आधीच्या दिवाळीत आईनं ती सारवली होती. त्या सारवणात तिच्या हाताचे फराटे तसेच वाळलेले होते: अर्धगोल, एकावर एक चढलेले, चार बोटांच्या चार बारीक रेघा आणि तळव्याच्या बाजूला जाड कड. वरच्या अंगाला तिचा हात पुरत नसे, म्हणून तिथले फराटे टोकाला निसटलेले. खाली बसून सारवलं तिथले आखूड आणि दाट. दिवाळी जवळ आली तशी वहिनी म्हणाली, "ताई, ते खोली सारवून टाकू का आता?" मी नाही म्हणाले. त्या दुपारी एका खोक्याचा पुठ्ठा उलगडला, वाटीत गेरू कालवला आणि आईच्या फराट्यांकडे बघत तसाच हात पुठ्ठ्यावर फिरवला. एकदा, दोनदा, मग पुठ्ठा भरेपर्यंत. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

याला अमूर्त चित्र म्हणतात हे मला पुढं तालुक्याच्या एका चित्रकला शिक्षकांनी सांगितलं. मी शिलाईकाम करते, चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत गेलेले नाही. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडचं. या पाच वर्षांत आसपासच्या गावांतल्या बऱ्याच बाया आणि दोन-तीन पुरुषही माझ्याकडे येऊन विचारून गेले की सुरुवात कशी करायची, काय आणायचं, किती खर्च येतो. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

अमूर्त चित्रात बैल, झाड, माणूस असं ओळखू येणारं काही काढायचं नसतं. रंग, रेघ, डाग आणि पोत, एवढंच. दुःखात हेच का, तर मी आईचा चेहराही काढून पाहिला होता. नाक चुकलं, मग डोळे चुकले, आणि शेवटी ती बाई माझी आईच दिसेना. त्यानं मन आणखी बसलं. अमूर्तात चुकायला नाक नसतं. दुसरं कारण गावाचं आहे. खेड्यात कुणाच्या घरी काय झालं हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं. रडायलाही आडोसा लागतो. रंगाचा थर मात्र तुमच्या मनातलं सगळं सांगतो आणि कुणालाच सांगत नाही.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये याचा एक छोटा अभ्यास झाला. ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं मनाला येईल ते चित्र किंवा मातीकाम करायला दिलं आणि आधी-नंतर लाळ तपासली. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालेलं दिसलं. आधी चित्रं काढलेली असण्यानसण्यानं त्यात फरक पडला नाही. माणसं थोडी होती, तेव्हा एवढ्यावरून मोठे दावे करू नयेत, पण "मला चित्र येत नाही" हे कारण त्यात निकाली निघतं.

रंगाला हात लावण्याआधी

चित्र हे औषध नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जावंसं वाटत नाही, किंवा जीव नकोसा वाटतो, असं असेल तर आधी माणसाशी बोला. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर भेटतात. गावातल्या आशाताईंना विचारलंत तर कुठल्या दिवशी जायचं ते त्या सांगतील. गोळ्या चालू असतील तर रंग हाती आले म्हणून त्या बंद करू नका. आमच्या भागात माणसं सगळं पोटात ठेवतात, विशेषतः पुरुष. घरात असं कुणी दिसत असेल तर हा लेख त्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. त्याच्यासोबत बसून फोन लावा.

पायरी १: जागा आणि वेळ आधी बांधून घ्या

वेगळी खोली लागत नाही. सांदवाडीतला, म्हणजे परसातला कोपरा, कोठ्याची सावली, ओसरीतली भिंतीकडची दोन हात जागा पुरते. ऊन थेट कागदावर नको, रंग भराभर वाळतो आणि डोळे दिपतात. एक पाट किंवा प्लायचा तुकडा ठरवून ठेवा, त्यावर कागद चिकटवायचा. पाट काढला की घरच्यांना कळतं की आता हाक मारायची नाही.

वेळ अर्धा ते पाऊण तास. मी दुपारी चारचा धरला, स्वयंपाकाच्या आधीचा. कापूस वेचणी चालू असते तेव्हा रोज जमत नाही. वेचून आल्यावर बोटांना बोंडांचे ओरखडे असतात आणि पाठ उभी राहत नाही. त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा बसा, पण वार ठरवून. "वेळ मिळाला की बसू" म्हणणारी एकही बाई महिनाभराहून जास्त टिकलेली मी पाहिली नाही.

पायरी २: सामान

एवढं लागतं:

- जाड ड्रॉइंग शीट. मोठा कागद घेऊन त्याचे चार तुकडे करा. सरावाला खोक्यांचे पुठ्ठे आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चालतात.
- पोस्टर रंगाच्या छोट्या बाटल्या: पांढऱ्या दोन, लाल, पिवळा, निळा, काळा. हिरवा, जांभळा, तपकिरी विकत घेऊ नका, मिसळून होतात.
- एक इंची चपटा ब्रश, घराच्या रंगकामाचा, आणि एक गोल ब्रश, आठ नंबरच्या आसपासचा.
- पांढऱ्या गोंदाचा, म्हणजे फेव्हिकॉलचा लहान डबा.
- जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या.
- दोन पाण्याचे डबे, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ.
- घरातल्या वस्तू: दात तुटलेला कंगवा, शिराईच्या (केरसुणीच्या) काड्या, पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) वाळलेली काडी, जुनं एटीएम कार्ड, सायकलच्या ट्यूबचा तुकडा. ब्रशपेक्षा याच जास्त वापरल्या जातात.

दुकानातले नाना तऱ्हेचे ब्रश पाहून भुलू नका, दोन ब्रश पहिल्या वर्षाला पुरेसे आहेत. सगळा खर्च काही शेकड्यांत होतो.

इथं दोन सापळे आहेत. एक रंगांचा. तालुक्याच्या एका दुकानातून मी रंगाच्या ट्यूब आणल्या. घरी पाण्यात कालवल्या तर दही फाटावं तसे गोळे झाले. ते तेलरंग होते, त्यांना टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल लागतं, आणि वाळायला दिवस लागतात. ट्यूबवर काय लिहिलं आहे ते वाचून घ्या. पोस्टर किंवा अॅक्रिलिक हवं, दोन्ही पाण्यात मिसळतात. फरक असा की पोस्टर रंग वाळल्यावर पुन्हा ओला केला तर सुटतो आणि अॅक्रिलिक वाळलं की सुटत नाही, म्हणून अॅक्रिलिकचा ब्रश लगेच धुवावा लागतो.

दुसरा सापळा जिवावरचा. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, बाटल्या, मापं रंगाच्या पाण्यासाठी वापरू नका, कितीही धुतलेली असली तरी. ब्रशचं टोक तोंडात धरून बारीक करायची सवय लावून घेऊ नका. कोरडी रंगपूड चाळताना नाकातोंडाला फडकं बांधा, आणि चुन्याला हात लावला तर ते बोट डोळ्याला लागू देऊ नका.

पायरी ३: मातीचे रंग घरी करा

ही पायरी टाळून बाजारच्या रंगांवर काम भागतं, पण मी ती टाळू देत नाही. पहिल्या दिवसांत चित्र काढायची हिंमत होत नाही, रंग कुटायची होते. कुटणं, भिजवणं, गाळणं हे हाताला ओळखीचं काम आहे आणि त्यात मन हळूहळू जागेवर येतं.

गेरू: बाजारात मिळतो तो खडबडीत असतो. कुटून पाण्यात ढवळा आणि थोडा वेळ थांबा. वाळू तळाशी बसते. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली लोण्यासारखा मऊ गेरू मिळतो. पाणी हळूच काढून टाका. भिंती पोतारायच्या पांढऱ्या मातीलाही हीच रीत.

काळी माती: आपल्या वावरातली, धुऱ्याकडची. हीच माझी सगळ्यांत आवडती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या त्यामुळंच. कागदावरही ती तेच करते. जाड थर दिला की वाळताना तडकतो आणि बारीक भेगांची जाळी उमटते. भेगा नको असतील तर थर पातळ द्या आणि गोंद वाढवा. हव्या असतील तर पुठ्ठ्यावर जाड लावून सावलीत सोडून द्या. मी पहिल्यांदा तसा पुठ्ठा ओसरीत ठेवला आणि वाळताना बघत बसले. आधी कडेला एक केसासारखी रेघ आली, मग तिला फाटा फुटला, मग दोन फाटे एकमेकांना जाऊन मिळाले. दोन वर्षांत मी स्वतःला कुठंही तडकू दिलं नव्हतं. त्या पुठ्ठ्यापाशी बसून मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

काजळी: तेलाच्या दिव्यावर पालथी वाटी धरून जमवा. ती पाण्यावर तरंगते, मिसळत नाही. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकून बोटानं घोटली की मिसळते.

हळद, पळसाची फुलं, कपड्यांची नीळ: तिन्ही सुंदर. हळदीत चिमूटभर चुना घातला की कुंकवासारखी लाल होते. पळस फाल्गुनात वेचून उकळला की केशरी पाणी मिळतं. नीळ ओल्या कागदावर ढगासारखी पसरते. पण हळद आणि पळस उन्हात उडून जातात आणि निळीचाही भरवसा धरता येत नाही. टिकावं असं वाटणाऱ्या चित्रात माती आणि काजळीच वापरा.

या सगळ्याला कागदावर धरून ठेवायला चिकट काहीतरी लागतं. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून वापरता येतो. मला बाभळीचा डिंक आवडतो: एक वाटी डिंक, दोन वाट्या कोमट पाणी, रात्रभर भिजू द्या, सकाळी फडक्यातून गाळा. त्यात मधाचे दोन थेंब टाकले तर थर कडक होऊन उलत नाही. लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकला तर बुरशी लवकर धरत नाही. तरी पावसाळ्यात आठवड्याला लागेल एवढाच करा.

रंग तयार झाला का ते कसं ओळखायचं? कागदावर पट्टा ओढा, वाळू द्या आणि कोरडं बोट घासा. बोटाला रंग आला तर गोंद कमी आहे. थर चकाकतो आणि वाकवल्यावर तडतडतो तर गोंद जास्त आहे.

पायरी ४: पहिले पंधरा दिवस फक्त हात

चित्र करायचं नाही, कागद भरायचे. रोज एक किंवा दोन.

श्वासाची रेघ: श्वास सोडताना रेघ ओढा, घेताना ब्रश उचला. एका श्वासाला एक रेघ, कागद भरेपर्यंत. पहिल्या रेघा आखूड येतात, कागदाच्या तळाशी पोचेपर्यंत लांबतात.

सारवणाचा हात: तळवा रंगात बुडवून अर्धगोल फिरवा. खांद्यापासून हात फिरला पाहिजे, नुसतं मनगट नको. ज्यांनी अंगण सारवलं आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. पुरुषांना पेरणीच्या तासासारख्या लांब सरळ रेघा सोप्या जातात, त्यांनी तिथून सुरू करावं.

ओल्यावर ओलं: चिंधीनं कागद ओला करा आणि रंगाचा एक थेंब सोडा. मग हात मागे घ्या. पाणी काय करतं ते बघणं एवढंच काम. ज्यांना घरात सगळं आपणच सांभाळायची सवय आहे, त्यांना हा प्रकार फार जड जातो. त्यांनी तो जरूर करावा.

झाकणं: याच्यावर मी जास्त बोलणार आहे. कुणाला सांगता येत नाही ते एक वाक्य कागदावर पऱ्हाटीच्या काडीनं दाबून लिहा. मग ते रंगानं झाका. वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रंगाचा थर द्या, तिसऱ्या दिवशी तिसरा. खालचं वाक्य वाचता येत नाही, पण काडीच्या खाचा थरांतून उमटत राहतात. शेजारच्या गावचे एक भाऊ महिनाभर येत होते. ते बोलत नसत. त्यांनी पहिल्या दिवशी एक आकडा लिहिला, सोसायटीच्या आणि सावकाराच्या कर्जाची बेरीज. त्यावर गेरू, मग पांढरी माती, मग काळी, मग परत पांढरी. पाचव्या थरानंतर त्यांनी डोळे मिटून कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाय अजून. पण आता वाचता येत नाई." पुढच्या आठवड्यात त्यांनी तो आकडा बायकोला सांगितला. मी त्यांना तसं सुचवलं नव्हतं.

झाकण्यातली सावधगिरी: लिहिताना छाती धडधडायला लागली, घाम आला, ते सगळं परत डोळ्यांसमोर उभं राहिलं तर थांबा. पाय जमिनीला टेकवा, घोटभर पाणी प्या, आणि त्या दिवशी नुसत्या श्वासाच्या रेघा ओढा. फार मोठ्या धक्क्याची गोष्ट असेल तर ती एकट्यानं उकरू नका, डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या सोबतीनं करा.

पायरी ५: रंगांची वही

पंधरा दिवसांनी बहुतेकांना प्रश्न पडतो की आता काढायचं काय. मोबाइलवर दुसऱ्यांची चित्रं बघून तशी करायला जाऊ नका. वावरात जा. सोबत छोटी वही ठेवा आणि रोज दोन बोटं रुंदीचा एक डाग त्यात लावा, त्या दिवशी पाहिलेल्या रंगाचा. खाली तारीख आणि जागा. चित्र नाही, फक्त डाग.

माझ्या वहीतले काही डाग असे आहेत. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी मलईसारखं फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. जन्मभर कापसात वावरले, हे मी नीट पाहिलं वही धरल्यावर. सोयाबीन पिकायला लागलं की एका वावरात हिरव्यापासून तांबूसपर्यंत सहा-सात पिवळे सापडतात. वखरलेल्या रानाचा काळा दुपारी राखाडी दिसतो आणि मृगाचा पहिला शिडकावा पडला की एका क्षणात गडद होतो. आईच्या गोधडीचा विटलेला हिरवा. दवाखान्यातल्या भिंतीचा निळसर.

महिनाभरानं वही उलटून पाहा. एखादा रंग परत परत आलेला दिसेल. माझ्याकडे तो विटका हिरवा होता. चित्र तिथूनच सुरू करा: तो रंग कागदाच्या मोठ्या भागावर पसरा आणि मग त्याच्या शेजारी काय हवं ते हाताला ठरवू द्या. त्या हिरव्याशेजारी मला दर वेळी गेरूच हवा वाटतो, काळा ठेवला की कागद गप्प होतो.

मिसळताना एक लक्षात ठेवा: तीनपेक्षा जास्त रंग एका वेळी मिसळले की चिखल होतो. रंग वाळल्यावर बदलतो, म्हणून आधी कडेला पट्टा ओढून वाळवून पाहा.

पायरी ६: थांबायचं कधी

सगळ्यांत जास्त चित्रं इथं बिघडतात. छान जमून आलेल्या कागदावर अजून थोडं, अजून थोडं करत माणूस सगळं एकसारखं करून टाकतो. हात थांबेनासा झाला की ब्रश पाण्यात ठेवा आणि चित्र भिंतीला टेकवून पाच पावलं मागं जा. उलटं करून पाहा, आडवं करून पाहा. डोळा एकाच जागी अडकत असेल तर तिथं काहीतरी बाकी आहे. डोळा फिरत राहिला तर चित्र झालं.

मागच्या बाजूला तारीख लिहा आणि मनाला येतील ते दोन-चार शब्द. "पाऊस नाही." "झोप लागली." चित्राला अर्थ लावायला बसू नका. लाल म्हणजे राग आणि काळा म्हणजे दुःख असा कोष्टकातला हिशोब कुणी सांगितला तर ऐकू नका. आपल्याकडं काळा हा पिकाचा रंग आहे.

पायरी ७: "हे काय होय?"

हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा, नाहीतर पहिल्याच टोमण्याला पाट माळ्यावर जाईल. "रंग लावून पाहून रायली" एवढं पुरतं. समजावून सांगायची जबाबदारी तुमची नाही. आणि विचारणारा प्रत्येक माणूस टोमणाच मारतो असंही नाही. शेजारच्या काकूंनी माझं एक निळं-काळं चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "वं माय, हे तं पऱ्हाटीत पाणी साचल्यावानी दिसते. त्या वर्षी आमचं सारं पीक पिवळं पडलं होतं." मग त्या तासभर त्या वर्षाबद्दल बोलल्या. माझ्या डोक्यात ते चित्र काढताना पाणीही नव्हतं आणि पऱ्हाटीही नव्हती.

पोरं घरात असतील तर त्यांना शेजारी एक कागद द्या. माझी भाची आठ वर्षांची होती तेव्हापासून बसते. "आत्या, हे झालं" हे ती माझ्याआधी ओळखते.

पायरी ८: कागदावरून कापडावर

दोन-तीन महिन्यांनी कागद लहान वाटायला लागतो. तयार कॅनव्हास महाग पडतो, त्याऐवजी मांजरपाट घ्या. आधी गरम पाण्यात धुवून त्याची खळ काढा, नाहीतर रंग धरत नाही. प्लायवर ताणून मागून बारीक खिळे मारा. मग एक वाटी फेव्हिकॉल, एक वाटी पाणी आणि अर्धी वाटी खडूची बारीक पूड कालवून चपट्या ब्रशनं हात द्या, एकदा आडवा आणि वाळल्यावर एकदा उभा. दुसरा हात वाळला की त्यावर अॅक्रिलिक किंवा फेव्हिकॉलमध्ये कालवलेली माती लावा. डिंकाचे रंग आणि पोस्टर रंग कापडावर टिकत नाहीत.

पायरी ९: दुसऱ्यांची चित्रं पाहा

अमूर्त चित्र हे शहरातल्या लोकांचं काम आहे असं वाटत असेल तर दोन नावं माहीत असू द्या. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. शिक्षण मुंबईत जे. जे. या चित्रकलेच्या शाळेत. ते रोलर आणि रंगाच्या सुरीनं थर चढवत आणि खरवडत. चित्र सुरू करण्याआधी बराच काळ नुसते विचारात बसत, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावात जन्मले आणि चित्रकला शिकायला नागपूरला आले. लहानपणी त्यांचं लक्ष लागत नसे, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघायला लावलं होतं. पुढं तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मधोमध आला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण माझीही सुरुवात भिंतीकडे बघून झाली.

नागपूरला दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामाला जाणं होतंच. एसटी सुटायला दोन तास असतील तर अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या जुन्या संग्रहालयात, किंवा दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रात डोकवा, प्रदर्शन आहे का विचारा. वर्ध्याकडच्यांनी सेवाग्रामला बापू कुटीत मातीच्या भिंतीवरचं गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांचं उठावाचं काम हाताच्या अंतरावरून पाहावं. ते अमूर्त नाही, त्यात झाडं आणि चरखा आहे. पण ओल्या मातीवर बोटं कशी चालतात ते तिथं समजतं.

पायरी १०: सांभाळून ठेवणं

आपल्याकडं चित्रांचे तीन वैरी: उधई (वाळवी), ओल आणि उंदीर. गठ्ठा जमिनीवर किंवा मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये आडवा बांधून टिनाच्या पेटीत ठेवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, आणि दिवाळीच्या आधी एकदा सावलीत उलगडून हवा द्या. नको असलेली चित्रं फाडून टाकावीत का, असं विचारतात. मी फाडते, आणि त्याचे तुकडे नव्या चित्रात चिकटवते. पहिल्या महिन्यातलं मात्र एकही फाडू नका.

आणि भिंतीवर, अंगणात, जुन्या कवाडावर कुणाच्या हाताच्या खुणा असतील आणि त्या जाणार असतील, तर आधी त्यांचा छाप घ्या. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यात उधई लागली. सारवण उकरून नवं द्यावंच लागणार होतं. मी आधी पतंगाचा कागद लावून पाहिला, तो फाटला. बटर पेपर टिकला. भाचीनं दोन्ही हातांनी कागद वर घट्ट धरला आणि मी मेणाच्या रंगखडूची कांडी आडवी धरून हलक्या हातानं घासत गेले. जोर दिला की सगळं काळं होतं, हलकं घासलं की फक्त उंचवटे उमटतात. एकेक करून चार बोटांच्या चार रेघा वर आल्या, मग तळव्याची कड, मग वरच्या अंगाचे निसटलेले फराटे. चार कागद लागले. कागद हलू नये म्हणून दोन माणसं लागतातच, आणि भिंत पूर्ण कोरडी असावी, त्यामुळं हे काम उन्हाळ्यात किंवा सारवणाच्या आठ दिवस आधी करा. दुसऱ्या दिवशी शेण-माती कालवून ती भिंत मी सारवली. वरच्या टोकापर्यंत माझाही हात पुरत नाही.